फ्यूजनची वीज: इंधन टँकरभर पाण्यात, गाडी अडलीय भिंतीपाशी

भुईकोट (धागाकर्ता)

‘कृत्रिम सूर्य पेटला’ अशी बातमी आली की दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि मग विरून जाते. किती कोटी अंश, किती सेकंद एवढंच तिच्यात असतं. वीज कशी होणार आणि काम कुठं अडलंय, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. आकडे आपल्या गावच्या मापानं मांडतो, म्हणजे डोक्यात बसतील.

आपल्या सोलापूरजवळचा फताटेवाडीचा एनटीपीसी प्रकल्प ६६० मेगावॉटच्या दोन संचांचा, म्हणजे १३२० मेगावॉटचा. पूर्ण भारावर चोवीस तास चालला तर दिवसाला ३.१७ कोटी युनिट वीज. युनिटमागे ०.६५ किलो कोळसा धरला तरी वीस हजार टनांच्या घरात जातो. मालगाडीच्या एका रेकमध्ये चारेक हजार टन मावतात, तेव्हा रोज पाच रेक.

आता ड्युटेरियम-ट्रिटियमचं संमीलन, म्हणजेच फ्यूजन घ्या. ही दोन्ही हायड्रोजनचीच जड भावंडं. त्यांची केंद्रकं जुळली की एक हेलियम आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि १७.६ मेगॅइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. या मिश्रणाचं एक किलो पूर्ण जळलं तर सुमारे ९.४ कोटी युनिट उष्णता होते. टर्बाइनमध्ये तिची ४० टक्के वीज झाली असं धरलं, तर आपल्या प्रकल्पाएवढ्या विजेला दिवसाकाठी ८५० ग्रॅमच्या आत इंधन पुरतं. त्यात अंदाजे ३४० ग्रॅम ड्युटेरियम आणि ५०० ग्रॅमच्या थोडं वर ट्रिटियम.

ड्युटेरियम साध्या पाण्यात असतंच. हायड्रोजनच्या दर साडेसहा हजार अणूंमागे एक, म्हणजे हजार लिटरला ३३-३४ ग्रॅम. उन्हाळ्यात गल्लीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात एका दिवसाचं ड्युटेरियम आहे. ते वेगळं काढायचं तंत्रही आपल्याकडे जुनं आहे. जड पाण्याचा एक कारखाना रायगड जिल्ह्यात थळला आहे.

म्हणजे ड्युटेरियमची काळजी नाही. बाकी सगळ्याची आहे. विचारा, जमेल तसं उलगडू.

शेंगाचटणी

भुईकोट सर, टँकरचं गणित एकदम बसलं. बारावीची पोरं हमखास विचारतात तो प्रश्न: सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश, मग आपल्या यंत्रात पंधरा कोटी कशाला? आणि एवढ्या तापमानाला भांडं कसलं टिकतं?

पार्कचौक

सूर्यात जळतो साधा हायड्रोजन. प्रोटॉनला प्रोटॉन चिकटताना त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो आणि हे फार क्वचित घडतं. त्यामुळे सूर्याच्या गाभ्याच्या एका घनमीटरमधून जेमतेम पावणेतीनशे वॉट उष्णता निघते. शेणखताच्या उकिरड्याची धग साधारण त्याच पट्टीतली. सूर्य अवाढव्य आहे म्हणून बेरीज अवाढव्य होते. वीजकेंद्राला हे परवडत नाही. घनमीटरमागे निदान अर्धा मेगावॉट तरी हवा. त्यासाठी सर्वांत लवकर पेटणारी जोडी म्हणजे ड्युटेरियम-ट्रिटियम.

दोन्ही केंद्रकं धनभारित, म्हणून एकमेकांना ढकलतात. पंधरा कोटी अंशालासुद्धा सरासरी कणाकडे तो बांध ओलांडण्याएवढी ऊर्जा नसतेच. दोन गोष्टी मदतीला येतात. गर्दीतले काही कण सरासरीपेक्षा कितीतरी वेगवान असतात, आणि पुंजभौतिकीनुसार बांधाच्या माथ्यावरून न जाता आरपार निसटण्याची थोडी शक्यता असते. दोन्हींचा गुणाकार दहा ते वीस कोटी अंशांच्या दरम्यान कामाचा होतो.

भांड्याचं म्हणाल तर प्लाझ्मा, म्हणजे इतका तापलेला वायू की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेत, तो भांड्याला टेकवायचाच नाही. टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराची पोकळी. वड्याला बाहेरून वेढणारी वेटोळी एक चुंबकीय क्षेत्र देतात. प्लाझ्मामधून वाहणारा प्रवाह दुसरं देतो. दोन्ही मिळून रेषा दोरीच्या पिळासारख्या फिरतात. हा पीळ नसेल तर वेटोळ्यांच्या आतल्या बाजूला क्षेत्र जास्त आणि बाहेरच्या बाजूला कमी राहतं, कण वर-खाली सरकतात आणि सगळा प्लाझ्मा क्षणात भिंतीवर जाऊन आदळतो.

घनताही समजून घ्या. प्लाझ्मातल्या कणांची दाटी आपल्या हवेच्या अडीच लाखाव्या भागाएवढीच. तिथं जवळजवळ निर्वातच आहे. त्यामुळे ‘पंधरा कोटी अंश’ ऐकून दडपायला होतं तेवढी उष्णता एकूण साठ्यात नसते.

होटगीरोड

तापवतात कसं? प्रवाह सोडूनच?

पार्कचौक

सुरुवात प्रवाहानंच. पण तारेचं आणि प्लाझ्माचं उलटं आहे: तार तापली की विरोध वाढतो, प्लाझ्मा तापला की कमी होतो. दोन-तीन कोटी अंशांनंतर प्रवाहानं तापवणं थकतं. पुढचं काम दोन वाटांनी होतं. पहिली वाट उदासीन कणांच्या झोताची: ड्युटेरियमचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) वेगानं पळवायचे, त्यांना परत इलेक्ट्रॉन चिकटवायचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवत नाही, आणि मग ते आत घुसवायचे. दुसरी वाट रेडिओ लहरींची. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर यंत्रात आयनांसाठी ४० ते ५५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे आपल्या एफएमच्या पट्ट्याच्या जरा खाली, आणि इलेक्ट्रॉनांसाठी १७० गिगाहर्ट्झ.

भुईकोट

इथं एक गल्लत मोडून काढू. २०२५च्या जानेवारीत चीनच्या ईस्ट यंत्रानं १०६६ सेकंद आणि फेब्रुवारीत फ्रान्सच्या वेस्टनं १३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. फार मोठं काम आहे ते. पण संमीलनातून ऊर्जा उरायला काय लागतं, त्याचा जो निकष जॉन लॉसन यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला, त्यातला ‘वेळ’ हा नव्हे. तो वेळ म्हणजे तापवणं बंद केलं तर प्लाझ्माची उष्णता किती वेळात निसटते. थर्मासमधला चहा किती वेळात निवतो, तसं. शेगडीवर ठेवलेला चहा तासभर गरम राहिला म्हणून शेगडीला कुणी थर्मास म्हणत नाही.

घनता, तापमान आणि हा थर्मासचा वेळ, तिघांचा गुणाकार ठरावीक आकड्याच्या वर गेला पाहिजे. घनमीटरमध्ये १ वर वीस शून्यं इतके कण आणि पंधरा कोटी अंश असतील, तर उष्णता दोन-तीन सेकंद आत राहिली की जमलं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण प्लाझ्मामध्ये भोवरे उठतात आणि उष्णता बाहेर ओढतात, म्हणून यंत्र मोठं करावं लागतं किंवा चुंबक जास्त ताकदीचं.

कडकभाकरी

लई चांगली माहिती द्यायलाव. पण हिशोब कळू द्या की. अमेरिकेत २०२२ला ‘दिली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली’ म्हणाले, मग वीज का नाही सुरू झाली अजून?

भुईकोट

कारण ‘दिली’ हा शब्द कुठं मोजला ते बघावं लागतं. ५ डिसेंबर २०२२ला नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये लेझरच्या १९२ किरणांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा इंधनाच्या लक्ष्यावर सोडली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. प्रज्वलन खरंच झालं, त्यात काही शंका नाही. पण ते लेझर भरायला विजेच्या जोडणीतून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. ३.१५ मेगाज्यूल म्हणजे एक युनिटसुद्धा नाही, युनिट ३.६ मेगाज्यूलचं असतं.

टोकामॅकचंही तसंच मोजा. इंग्लंडच्या जेट यंत्रानं १९९७ साली २४ मेगावॉट तापवण्याच्या शक्तीवर १६ मेगावॉट संमीलन केलं. २०२३च्या शेवटच्या प्रयोगांत सुमारे पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल काढले, तेही ०.२ मिलीग्रॅम इंधनातून. ईटरचं उद्दिष्ट ५० मेगावॉट आत, ५०० मेगावॉट बाहेर. हे ५०० मेगावॉट उष्णतेचे. वीज करायची सोयच त्यात नाही. अतिवाहक (विरोधाशिवाय वीज वाहू देणारे) चुंबक उणे २६९ अंशाला ठेवणारं शीतयंत्र, पंप, झोत यांची वीज वेगळीच. खऱ्या वीजकेंद्राला दहापट पुरत नाही. पंचवीस-तीस पटींच्या आसपास जावं लागेल, तेव्हा घरचा खर्च भागून तारेवर काही उरेल.

अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या १९५५च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा होते. दोन दशकांत नियंत्रित संमीलनाची वाट सापडेल, असं ते तिथं म्हणाले होते. ईटरच्या २०२४च्या नव्या वेळापत्रकात ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ला आहेत.

हिप्परगा

ट्रिटियमवर कुणीच बोललं नाही, आणि गाडी तिथंच रुतते.

ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. ठेवलेल्या साठ्यातलं दरसाल साडेपाच टक्के आपोआप संपतं. त्यामुळे निसर्गात ते साठत नाही, खाणीत मिळत नाही. जगात नागरी वापराचा साठा काही दशक किलोंचा, तो प्रामुख्यानं कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून आलेला. आणि भुईकोटांच्या हिशोबानं एका सोलापूर प्रकल्पाएवढ्या केंद्राला वर्षाला १८५ किलोच्या आसपास जाळावं लागेल. विकत आणून भागणारच नाही. केंद्रानं स्वतःचं ट्रिटियम स्वतःच पिकवायचं.

पिकवायचं लिथियमपासून. प्लाझ्माच्या भोवती लिथियमचा थर असतो, त्याला ब्लँकेट म्हणतात. चादरीच्या गावात शब्द लगेच कळेल. लिथियम-६ला न्यूट्रॉन लागला की एक हेलियम आणि एक ट्रिटियम होतं, वर थोडी उष्णताही. नैसर्गिक लिथियममध्ये हे लिथियम-६ फक्त साडेसात टक्के, म्हणून ते आधी समृद्ध करून घ्यावं लागतं.

आता न्यूट्रॉनांचा जमाखर्च बघा. एक ट्रिटियम जळलं की एकच न्यूट्रॉन मिळतो, आणि त्यातून निदान एक ट्रिटियम परत व्हायलाच हवं. पण चादरीला भोकं असतात: झोतांसाठी, मोजमापासाठी, पंपांसाठी. काही न्यूट्रॉन पोलाद खातं. म्हणून चादरीत शिसं किंवा बेरिलियम मिसळतात. वेगवान न्यूट्रॉन त्यांना धडकला की दोन बाहेर पडतात. एवढं करून जळलेल्या एका ट्रिटियमच्या जागी १.०५ ते १.१५ पदरात पडले तरी पुष्कळ.

शिसं-लिथियमचा रस पाइपातून फिरवायचा ही एक पद्धत. ते मिश्रण २३५ अंशाला वितळतं. अडचण अशी की तो रस विजेचा वाहक, आणि वाहतो चुंबकीय क्षेत्रातून. त्याच्यात प्रवाह उठतात आणि ते त्यालाच ब्रेक लावतात. पंपावर दाब चढतो. पाइपाला आतून विद्युतरोधक लेप द्यावा, तर गरम शिसं तो कुरतडतं. लेपाला एक चीर पडली की तिथून प्रवाह वाट काढतो.

दुसरं दुखणं: आत सोडलेल्या इंधनातलं फार तर काही टक्के एका फेरीत जळतं. उरलेलं हेलियमच्या राखेसकट बाहेर ओढून, वेगळं करून, पुन्हा सोडायचं. हे ओढण्यासाठी ईटरमध्ये अतिशीत पंप आहेत. त्यांच्या पत्र्यांना ४.५ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंशांच्या जवळ गार करतात. त्या तापमानाला हायड्रोजन गोठून चिकटतो, पण हेलियम चिकटत नाही. म्हणून पत्र्यांवर नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा लावतात. त्याच्या बारीक छिद्रांत हेलियम अडकतो. एवढ्या यंत्रात करवंटी कामाला येते, हे फार सुंदर वाटतं.

कडकभाकरी

आणि काही बिघडलं तर? किल्लारीचा भूकंप आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. स्फोट होईल का ओ?

हिप्परगा

अणुबॉम्बसारखा किंवा अणुभट्टी वितळते तसा प्रकार नाही. ईटरच्या ८३० घनमीटर प्लाझ्मामध्ये चालू स्थितीत एक ग्रॅमसुद्धा इंधन नसतं. साखळी प्रक्रिया नाही. धक्का बसला, हवा शिरली, वीज गेली, तर प्लाझ्मा विझतो.

पण ‘काहीच धोका नाही’ म्हणणंही चूक. ट्रिटियमचे बीटा कण कातडीतून आत जात नाहीत; पण ते पाण्यात मिसळलं तर पिण्यातून, श्वासातून शरीरात जातं आणि अर्धं बाहेर पडायला सुमारे दहा दिवस लागतात. शिवाय ते हायड्रोजन असल्यामुळे तापलेल्या पोलादातून झिरपतं. उष्णता वाहणाऱ्या नळ्यांतून ते वाफेच्या बाजूला जाऊ नये, यासाठी लेप, दुहेरी भिंती आणि सतत मोजणी हवी. आणि न्यूट्रॉनांनी भिंतीचं पोलाद किरणोत्सारी होतं. मिश्रधातू निवडून घेतला तर तो कचरा शंभरेक वर्षांत बराच शांत होतो, हजारो वर्षं सांभाळावा लागत नाही. बंद केल्यावरही भिंत काही काळ स्वतःच्या किरणोत्सारानं तापत राहते, तेव्हा शीतन चालू ठेवावंच लागतं.

पार्कचौक

भिंतीवर आलोच आहोत तर सविस्तर लिहितो. धाग्याच्या नावातली भिंत हीच.

निघालेल्या ऊर्जेच्या पाच हिश्श्यांतले चार न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला भार नाही, चुंबक त्याला अडवत नाही. तो भिंतीत शिरतो आणि पोलादातले अणू जागेवरून हलवतो. वीजकेंद्राच्या भिंतीत काही वर्षांत प्रत्येक अणू सरासरी डझनावारी वेळा हललेला असेल. वर न्यूट्रॉनमुळे पोलादातच हेलियम तयार होतो, त्याचे बुडबुडे कणांच्या सांध्यांवर साठतात आणि धातू ठिसूळ होतो. अशा १४ मेगॅइलेक्ट्रॉनव्होल्टच्या न्यूट्रॉनांचा वर्षानुवर्षं मारा करून धातू तपासायची सोय आजवर नव्हती. स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ त्यासाठी एक यंत्र उभारलं जात आहे.

उरलेला एक हिस्सा हेलियमकडे. तो आतच राहून प्लाझ्मा तापवतो, पण शेवटी ती उष्णता तळाशी डायव्हर्टर नावाच्या भागावर उतरते. मे महिन्यात भर दुपारी पार्क मैदानावर पडणारं ऊन दर चौरस मीटरला जेमतेम एक किलोवॉट. डायव्हर्टरच्या टंगस्टनवर दर चौरस मीटरला दहा मेगावॉट, म्हणजे त्या उन्हाच्या दहा हजार पट. टंगस्टनच्या ठोकळ्यांमागे तांब्याच्या मिश्रधातूची नळी आणि तिच्यातून जोरात पाणी. टंगस्टन-तांब्याचा जोड नीट भरला नाही, आत केसाएवढी पोकळी राहिली, की त्या जागी उष्णता तुंबते, ठोकळ्याला चीर जाते, पुढे नळी फुटते आणि निर्वातात पाणी शिरतं.

तिसरी भीती म्हणजे अचानक कोसळणं. ईटरच्या प्लाझ्मामध्ये दीड कोटी अँपिअर प्रवाह असेल. घडी विस्कटली की साठलेली उष्णता काही मिलिसेकंदांत भिंतीवर जाते. प्रवाह कोसळताना भिंतीत प्रवाह उठतात, शेकडो टनांचे धक्के बसतात, आणि काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊन एका ठिकाणी भोक पाडू शकतात. उपाय म्हणून निऑन आणि हायड्रोजनची गोठवलेली गोळी फोडून तिचा चुरा आत मारतात. मग उष्णता प्रकाशाच्या रूपात सगळीकडे सारखी पसरते.

आणि सगळेच बिघाड पंधरा कोटी अंशावरचे नसतात. ईटरच्या उष्मारोधक ढालीच्या शीतन नळ्यांना तडे गेल्याचं २०२२ साली जाहीर झालं. कारण काय, तर वेल्डिंगच्या सांध्याशी अडकलेले क्लोराइडचे अंश आणि धातूतला ताण. २३ किलोमीटर नळ्या बदलायचं ठरलं.

होटगीरोड

यात आपल्या देशाचं काय?

भुईकोट

गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य टोकामॅक १९८९पासून; आता त्याची सुधारित आवृत्ती चालते. अतिवाहक चुंबकांचं एसएसटी-१ तिथंच. ईटरमध्ये आपण सातांपैकी एक भागीदार. त्याचं बाहेरचं निर्वात पात्र, क्रायोस्टॅट, साधारण २९ मीटर उंच आणि तेवढंच रुंद, ३८५० टन पोलाद. ते हजीराला लार्सन अँड टुब्रोनं तुकड्यांत बनवून पाठवलं.

एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम लिहितो. फ्यूजन केंद्रसुद्धा शेवटी वाफेवरच चालणार. कोळसा जाईल, राख जाईल, पण कूलिंग टॉवर राहील. मेगावॉट-तासाला तीन घनमीटर पाणी धरलं तरी १३२० मेगावॉटला दिवसाला साडेनऊ कोटी लिटर. इंधनाला एक टँकर, थंड करायला साडेनऊ हजार टँकर. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरानं हा दुसरा आकडा पहिला विचारावा.

शेंगाचटणी

शेवटचं विचारते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना प्लाझ्मा प्रत्यक्ष दाखवायचा तर सुरक्षित आणि परवडणारं काय? यूट्यूबवर ते घरगुती फ्यूझर, म्हणजे जास्त व्होल्टेजवर फ्यूजन घडवणारी छोटी यंत्रं दिसतात.

पार्कचौक

ताई, फ्यूझरच्या वाटेला जाऊ नका. वीस-तीस किलोव्होल्टला क्ष-किरण निघतात, ड्युटेरियम भरलं तर न्यूट्रॉन. तो अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीचा विषय आहे.

त्याऐवजी पाशेनचा वक्र काढा, म्हणजे वायूचा दाब बदलला की ठिणगीला लागणारं व्होल्टेज कसं बदलतं त्याचा आलेख. ४ सेंमी व्यासाची जाड काचेची नळी, दोन्ही टोकांना ओ-रिंगच्या टोप्या, अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या पाच सेंमी अंतरावर. दोन टप्प्यांचा रोटरी पंप, सुईचा व्हॉल्व्ह, दाब मोजायला पिरानी मापक. ० ते १५०० व्होल्ट डीसी पुरवठा, प्रवाहमर्यादा १० मिलिअँपिअर. मालिकेत ५० किलोओहमचा रोधक, २५ वॉटचा घ्या. पूर्ण प्रवाहाला पाच वॉट जळतात, पण लहान रोधक तापून भरकटतो. कॅथोडची बाजू आणि पेटी अर्थ करा, धारित्रावर निचऱ्याचा रोधक हवाच, नळीभोवती अ‍ॅक्रिलिकची पेटी, सगळ्यांना गॉगल. दीड किलोव्होल्टचा झटका जीव घेतो.

दाब ०.०५ ते २ मिलीबार फिरवत दर वेळी ठिणगी कितीला पडते ते नोंदवा. हवेत सर्वांत कमी व्होल्टेज साधारण ०.१५ मिलीबारजवळ, साडेतीनशेच्या आसपास येईल. चकत्या मळलेल्या असल्या तर वर सरकेल.

चुका ठरलेल्या असतात. पेटल्यानंतरचं वाचन घेतलं तर रोधकावर पडलेलं व्होल्टेज वजा करायचं राहतं. ओ-रिंगला ग्रीस जास्त झालं की त्याची वाफ सुटते आणि दाब खाली जात नाही. पंप बंद करताना आधी व्हॉल्व्ह मिटून हवा सोडली नाही, तर तेल उलटं नळीत चढतं. आर्गॉन भरलात तर पिरानीचा आकडा तसाच घेऊ नका. तो हवेसाठी बसवलेला असतो आणि आर्गॉनचा दाब कमी दाखवतो.

शेंगाचटणी

नोंद केली, सर. नळी जुनी झाली की कॅथोडजवळ काच काळपट होते, ती कशानं?

पार्कचौक

आयन कॅथोडवर आदळून धातूचे अणू उडवतात, ते काचेवर बसतात. ती नळी फेकू नका, वर्गात फिरवा. टोकामॅकच्या भिंतीवरचं टंगस्टन असंच उडतं, फक्त ते काचेवर न बसता प्लाझ्मात शिरतं. एवढ्या जड अणूचे सगळे इलेक्ट्रॉन पंधरा कोटी अंशालाही सुटत नाहीत, उरलेले क्ष-किरण फेकत राहतात आणि प्लाझ्माची उष्णता बाहेर नेतात. लाखात काही अणू एवढं टंगस्टन गाभ्यात साठलं तरी पेटवलेला प्लाझ्मा निवायला लागतो.